केसपेपरवरची दुसरी ओळ

माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पोट धरून बसला. वय ५२. दोन दिवस शौचाला झालं नव्हतं, मळमळत होतं, पोट तट्ट फुगलं होतं. ‘पोटात कुणीतरी दगड भरलेत,’ एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता. त्याला रिक्षात घालून आम्ही एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी सुरुवात छान केली. ‘काय होतंय काका? कधीपासून दुखतंय?’ असं विचारत ते पोटाला हात लावणार, तेवढ्यात मी जुनी फाइल पुढे केली. त्यांनी पहिली ओळ वाचली: नोन केस ऑफ स्किझोफ्रेनिया. हात मागे गेला. मग ते दादाशी बोललेच नाहीत, माझ्याशी बोलले. ‘गोळ्या वेळेवर घेतो का हा?’

मिनिटापूर्वीचे काका आता ‘हा’ झाले होते.

केसपेपरवर नोंद झाली की रुग्णाला पोटात दगड असल्याचा भ्रम आहे. झोपेचं इंजेक्शन मिळालं आणि ‘उद्या सायकियाट्रीच्या ओपीडीत दाखवा’ असा सल्ला. पोट जड झालं की ‘दगड ठेवल्यासारखं वाटतंय’ असं आपण सगळेच म्हणतो. दादाने त्यातला ‘सारखं’ गाळला होता, आणि त्या एका शब्दाअभावी त्याच्या पोटदुखीचा मनोविकार झाला.

मध्यरात्री दुखणं वाढलं म्हणून दुसऱ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या सर्जनबाईंनी तीच फाइल पाहिली, पण त्या पहिल्या ओळीवर थांबल्या नाहीत. दुसऱ्या ओळीत औषधाचं नाव होतं, क्लोझापिन. ते वाचताच त्यांनी विचारलं, ‘शौचाला शेवटचं कधी झालं होतं?’ लगेच पोटाचा एक्स-रे झाला. आतडं जवळजवळ बंद पडलं होतं. नाकातून नळी, सलाइन, एनिमा असं दोन दिवस चाललं आणि ऑपरेशनवाचून निभावलं.

इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर क्लोझापिन हे सर्वांत परिणामकारक औषध आहे. मात्र ते आतड्यांची हालचाल मंदावतं. बद्धकोष्ठता होते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२० मध्ये याबाबतचा इशारा आणखी कडक केला. म्हणजे दादाच्या दुखण्याचं उत्तर त्याच कागदावर, पहिल्या ओळीच्या खालीच लिहिलेलं होतं. पण पहिल्या ओळीनेच सगळी उत्तरं मिळाल्यासारखं वाटलं, की दुसरी कोण वाचणार?

या प्रकाराला वैद्यकशास्त्रात नाव आहे. इंग्रजीतला शब्द सावलीवरून आला आहे. एका निदानाची सावली इतकी दाट पडते की बाकीच्या तक्रारी त्या अंधारात दिसेनाशा होतात. छातीत दुखलं तर ‘घाबरलाय’, दम लागला तर ‘लक्ष वेधून घेतोय’, पोट दुखलं तर ‘भ्रम’.

एलिन सॅक्स या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापक. ऑक्सफर्ड आणि येल इथे त्यांचं शिक्षण झालं. तरुणपणी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं तेव्हा त्यांचं भवितव्य गंभीर असल्याचं सांगण्यात आलं होतं. फार तर एखादं हलकंसलकं काम जमेल, एवढीच अपेक्षा त्यांच्याकडून होती. पुढे त्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि २००७ मध्ये त्यांनी आपलं आत्मकथन प्रसिद्ध केलं. त्यात एक प्रसंग आहे. त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. इमर्जन्सी विभागात नेल्यावर त्यांचा मनोविकाराचा इतिहास कळला आणि तपासण्या तिथेच थांबल्या. मेंदूतला रक्तस्राव! इतक्या मानाच्या जागेवरच्या विदुषीची ही गत होत असेल, तर आपल्याकडे रांगेत उभ्या असलेल्या माणसाबद्दल काय बोलावं?

एकदोघांच्या अनुभवावरून एवढं मोठं विधान करू नये, हे मला मान्य आहे. म्हणून आकडे पाहू. बेंजामिन ड्रस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या, ६५ आणि त्याहून जास्त वयाच्या १,१३,६५३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मानसिक आजार नसलेल्यांपैकी १६.८ टक्के रुग्णांची अँजिओप्लास्टी झाली, मानसिक आजार असलेल्यांपैकी ११.८ टक्क्यांची. बायपासचे आकडे १२.६ आणि ८.२ टक्के. हे सगळे एकाच सरकारी विमा योजनेतले रुग्ण होते, त्यामुळे पैशाचं कारण पुढे करता येत नाही. पुढच्याच वर्षी याच गटाने पुढचा प्रश्न घेतला: वर्षभरात मृत्यू किती? स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये ते सुमारे एकतृतीयांशाने जास्त निघाले. मग कुणाला अॅस्पिरिनसारखी साधी, ठरलेली औषधं मिळाली आणि कुणाला नाही, हे हिशेबात धरलं, तर मृत्यूंमधला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उरला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नव्हतं. ती माणसं आजाराने जितकी गेली तितकीच न मिळालेल्या उपचारांनीही गेली, असा त्याचा अर्थ होतो.

तैवानमध्ये अपेंडिक्सच्या रुग्णांचा असाच अभ्यास झाला. अपेंडिक्स फुटेपर्यंत उशीर झालेल्यांचं प्रमाण इतरांमध्ये साधारण पाव होतं, तर स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये जवळपास निम्मं. यातला काही भाग आजाराचाच असणार. या आजारात वेदना नीट सांगता येत नाही, कधी चेहऱ्यावर उमटतच नाही. पण ज्याला सांगता येत नाही त्याला जास्त विचारावं लागतं. प्रत्यक्षात त्यालाच कमी विचारलं जातं.

या आजाराविषयी थोडं सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधल्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे दर ३०० माणसांमागे एकाला, स्किझोफ्रेनिया होता. बहुतेकदा तो ऐन तारुण्यात सुरू होतो. नसलेले आवाज ऐकू येणं हे भास, कुणी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री वाटणं हे भ्रम, आणि या दोन्हींपेक्षा जास्त त्रास देणारी, पण घरच्यांना आळशीपणा वाटणारी लक्षणं म्हणजे उमेद सरणं, बोलणं आटणं, चेहरा निर्विकार होणं. ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ याच्याशी त्याचा संबंध नाही. हा घोटाळा नावामुळे झाला. जर्मनीचे एमिल क्रेपेलिन या आजाराला ‘अकाली आलेलं बुद्धिमांद्य’ अशा अर्थाचं नाव देत, आणि तो उतरणीचाच आजार मानत. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये नवा शब्द सुचवला, ‘दुभंगणं’ आणि ‘मन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांतून. विचार, भावना आणि वागणं यांची सांगड तुटते, असं त्यांना म्हणायचं होतं. आपण त्याचं ‘छिन्नमनस्कता’ केलं आणि तो छिन्नविच्छिन्न शब्द माणसाच्या गळ्यात बांधला.

नावाचा परिणाम डॉक्टरांवरही होतो, याचं जपान हे उत्तम उदाहरण. तिथे या आजाराला ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशा अर्थाचा शब्द रूढ होता. तो इतका जड होता की डॉक्टर रुग्णाला निदान सांगायचंच टाळत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ मध्ये नाव बदलायची मागणी केली आणि २००२ मध्ये ‘एकसंधता बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचं नाव आलं. २००२ मध्ये सुमारे ३७ टक्के रुग्णांना त्यांचं निदान सांगितलं जात होतं, दोन-तीन वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या जवळ गेलं. आजार तोच, औषधं तीच. बदलला तो डॉक्टरांच्या जिभेवरचा संकोच.

मग डॉक्टरांच्या मनात या आजाराबद्दलचा हा डाग येतो कुठून? ते निष्ठुर असतात, असं मी म्हणणार नाही. दादाला परत पाठवणारा तो तरुण डॉक्टर त्या रात्री बहुधा बारा तास उभा असेल. ‘डॉक्टरांना अजून थोडं शिकवा म्हणजे झालं’ हेही तितकं सोपं नाही. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात मानसिक आरोग्यक्षेत्रातल्या हजाराहून जास्त लोकांची मतं अजमावण्यात आली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णापासून चार हात दूर राहण्याच्या इच्छेत ही मंडळी सामान्य जनतेसारखीच निघाली. नकारात्मक ठोकताळ्यांत तर मनोविकारतज्ज्ञ सामान्य माणसांच्याही पुढे होते. ज्यांना सगळ्यांत जास्त माहिती, त्यांचंच मत सगळ्यांत काळवंडलेलं, असं का व्हावं?

याचं मला पटलेलं स्पष्टीकरण पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलं. डॉक्टरला दिसणारे रुग्ण हे सगळ्या रुग्णांचे प्रतिनिधी नसतात, हा त्याचा गाभा. समजा, एखाद्या वर्षी गावात दहा जणांना हा आजार झाला. चारपाच जण सुधारतात, कामाला लागतात, गोळ्या घेण्यापुरते तीन महिन्यांनी येतात किंवा येतही नाहीत. दोघंतिघं मात्र पुन्हापुन्हा बिघडतात, दाखल होतात. वर्षभराने डॉक्टरच्या ओपीडीत बसून पाहिलं तर तिथे तेच दोघंतिघं सारखे दिसतात. सुधारलेला माणूस डॉक्टरच्या नजरेआड जातो, कारण तो सुधारलेला आहे. मग अनुभवी डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणतो, ‘या आजारात कुणी फारसं बरं होत नाही, मी तीस वर्षं पाहतोय.’ त्याचा अनुभव खराच असतो, पण तो दाराच्या एकाच बाजूचा असतो.

दाराच्या दुसऱ्या बाजूला पाहायचं तर लोकांच्या मागे वर्षानुवर्षं जावं लागतं. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या ‘स्कार्फ’ या संस्थेशी जोडलेल्या डॉ. आर. थारा यांनी ते केलं. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या ९० जणांचा माग त्यांच्या गटाने दहा, वीस, पंचवीस वर्षं ठेवला. त्यातले बरेच जण नोकरी-धंदा करत होते, संसारात होते. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की तिघांपैकी किमान एक जण पूर्ण बरा होऊ शकतो. ही गोष्ट किती एमबीबीएस डॉक्टरांना ठाऊक असेल?

आता आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या जागी उभं राहून बघा. साडेचार वर्षांच्या अभ्यासात मानसोपचाराच्या वाट्याला काही आठवड्यांची पोस्टिंग. त्याची मेडिसिन-सर्जरीसारखी स्वतंत्र परीक्षा नाही, म्हणून बरेच जण ते दिवस पीजीच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला वापरतात. जे जातात त्यांना वॉर्डात काय दिसतं? दोन जणांनी धरून आणलेला, तीन रात्री न झोपलेला, आरडाओरडा करणारा माणूस. किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतल्या एखाद्याला दिलेली धावती भेट, जिथे घरच्यांनी न्यायलाच नकार दिल्यामुळे वर्षानुवर्षं राहिलेली माणसं भेटतात. विद्यार्थ्याच्या मनावर हेच चित्र छापलं जातं. हाच माणूस दोन महिन्यांनी दुकानात गल्ल्यावर बसलेला त्याला कधी दिसत नाही. एखादा विद्यार्थी मधुमेह फक्त आयसीयूतले बेशुद्ध रुग्ण बघून शिकला, तर त्याला मधुमेह म्हणजे मरणच वाटेल.

वॉर्डातल्या बोलीचीही यात भर पडते. ‘सायको केस’, ‘मेंटलवाला पेशंट’ हे शब्द सीनिअरकडून ज्युनिअरकडे नकळत जातात. मराठीत तर सर्वनामातच सगळं कळतं. पन्नाशीच्या माणसाला सगळे ‘तुम्ही’, ‘अहो’ म्हणतात. फाइल उघडली की तो ‘तू’, ‘अरे’, ‘हा’ होतो. त्याच्यासमोर, त्याच्याबद्दल, त्याला वगळून बोललं जातं. इंग्रजीत बोलणाऱ्याला ही पायरी घसरताना ऐकू येणार नाही. आपल्याला येते, आणि समोर बसलेल्या रुग्णाला तर नक्कीच येते.

हा डाग केवळ बोलण्यापुरता राहिला असता तर गोष्ट वेगळी. पॅट्रिक कॉरिगन यांच्या गटाने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १६६ आरोग्य-कर्मचाऱ्यांसमोर एक काल्पनिक रुग्ण ठेवला: स्किझोफ्रेनिया आहे, आणि संधिवाताने कंबर दुखतेय. ज्यांच्या मनात आजाराबद्दलचा कलंक जास्त होता, त्यांना वाटलं की हा सांगितलेलं पाळणार नाही. आणि पाळणार नाही असं वाटलं की त्याला तज्ज्ञाकडे पाठवायची किंवा त्याची औषधं पुन्हा लिहून द्यायची शक्यता कमी झाली. कंबरदुखीचा आणि स्किझोफ्रेनियाचा काय संबंध? पण साखळी अशीच चालते. मनातल्या शंकेतून हाताची दिरंगाई होते, आणि दिरंगाईतून नुकसान.

ते नुकसान मोजता येतं. या आजाराची माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं आधी जातात. आत्महत्या हे त्याचं एक कारण आहे, पण बहुतांश मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार, संसर्ग अशा रोजच्या कारणांनी होतात. ओलांझापिन आणि क्लोझापिनसारखी औषधं भूक वाढवतात, वजन आणि साखर चढवतात. त्यात तंबाखू-सिगरेट, बसून राहणं. म्हणजे या रुग्णाचं वजन, कंबरेचा घेर, साखर, कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे बघायला हवं. होतं असं की मानसोपचारतज्ज्ञ समजतात साखर फिजिशियन बघतील, फिजिशियन म्हणतात हा पेशंट सायकियाट्रीचा. दादाची साखर सलग सहा वर्षं कुणीच तपासली नव्हती. आम्हीही नाही, हे इथे लिहायलाच हवं.

भीतीचं काय, असं कुणी विचारेल. डॉक्टरांवरचे हल्ले आपण वाचतो, त्यांची काळजी खरी आहे. तीव्र अवस्थेत, विशेषतः दारू किंवा नशेची जोड असेल तर, हिंसेचा धोका वाढतो. पण स्किझोफ्रेनियाचे बहुतांश रुग्ण कधीच कुणाला इजा करत नाहीत. मार खाणाऱ्यांत, लुबाडल्या जाणाऱ्यांत मात्र ते मोठ्या प्रमाणात असतात. पोट दुखतं म्हणून आलेल्या, थरथरत्या हातांनी पाणी मागणाऱ्या दादाची त्या कॅज्युअल्टीत कुणाला काय भीती असेल, ते मला अजून कळलेलं नाही.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ नुसार, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आरोग्यसेवेत शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीची वागणूक मिळायला हवी. इमर्जन्सी सेवा आणि रुग्णवाहिकाही त्यात आल्या. हाच कायदा असंही सांगतो की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो ‘अस्थिर मनाचा’ ठरत नाही, ते न्यायालयच ठरवू शकतं. मनोविकारांच्या वॉर्डाबाहेर, सर्जरीत आणि ऑर्थोपेडिक्समध्ये, हे कलम माहीत असणारे डॉक्टर मला फार भेटले नाहीत.

उपाय म्हणून जगभर एक गोष्ट पुन्हापुन्हा उपयोगी ठरलेली दिसते: सुधारलेल्या माणसांची गाठ. व्याख्यानं आणि माहितीपत्रकं मत फारसं बदलत नाहीत. स्किझोफ्रेनिया असलेला माणूस वर्गात उभा राहून आपला आजार, आपली नोकरी, आपल्याला डॉक्टरांनी कसं वागवलं ते सांगतो, प्रश्नांना उत्तरं देतो, तेव्हा बदल होतो. कोहेन यांनी दाखवलेला भ्रम मोडायचा तर दाराच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आत आणावा लागतो. महाराष्ट्रात याची पायवाट आधीच पडलेली आहे. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी पुढाकार घेऊन १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’, सुरू केली, आणि तिथल्या स्वमदत गटांत रुग्ण आणि नातेवाईक स्वतः बोलायला लागले. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटातला अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष अनेक मराठी घरांनी आपल्याच माणसासारखा पाहिला. हीच ओळख वैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्गांत, पोस्टिंगचा ठरलेला भाग म्हणून व्हायला हवी. इंटर्नला पोटावर हात ठेवून तपासायला जसं शिकवतात, तसं बऱ्या झालेल्या चार जणांशी तासभर बोलायलाही लावता येईल. त्याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही.

तोवर घरच्यांपुढे एक कठीण प्रश्न उरतोच: सांगावं की लपवावं? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ देशांत, भारतासह, स्किझोफ्रेनिया असलेल्या ७३२ जणांना विचारलं, तेव्हा ७२ टक्के म्हणाले की निदान लपवायची गरज वाटते. त्या रात्रीनंतर आमच्या घरातही हा विचार आला. पुढच्या वेळी फाइल दाखवायचीच नाही. पण क्लोझापिन घेणाऱ्याचा ताप किंवा घसादुखी साधी नसू शकते, पांढऱ्या पेशी घसरलेल्या असू शकतात. सिप्रोफ्लोक्सासिनसारखं नेहमीचं अँटिबायोटिक दिलं तर क्लोझापिनची रक्तातली पातळी वाढते. लपवलं तर मान राखला जाईल आणि जीव जाईल, सांगितलं तर उलट.

शेवटी तोडगा दादानेच काढला. एका कार्डावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. सर्वांत वर नाव, वय, रक्तगट. खाली औषधं आणि मात्रा. त्याखाली त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलेल्या तीन ओळी: शौचाला न होणं, ताप, घसादुखी, यांपैकी काही असेल तर तातडीने तपासावं. आजाराचं नाव कुठे टाकायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. मी म्हणालो, पाठीमागे लिही. तो म्हणाला, नको, पुढेच, पण शेवटच्या ओळीत. तोपर्यंत त्यांनी बाकीचं वाचलेलं असेल. कार्ड लॅमिनेट करून आणलं आहे, आणि बसच्या पासाबरोबर त्याच्या पाकिटात असतं.